ओला-उबरचा ड्रायव्हर: नोकर, धंदेवाला की तिसराच कोणीतरी?

जुलै २०२५ मध्ये मुंबईत अ‍ॅप कॅबवाल्यांचा संप झाला होता, आठवत असेल. आझाद मैदानात आंदोलन, कॅब मिळेना, आणि मागणी तशी साधी होती की काळी-पिवळीला जो मीटरचा रेट आहे तो आम्हालाही द्या. मग २१ नोव्हेंबर २०२५ ला केंद्राचे चार लेबर कोड (जुने कामगार कायदे एकत्र करून केलेले नवे कायदे) लागू झाले आणि व्हॉट्सअ‍ॅपवर फिरायला लागलं की आता ओला-उबरच्या ड्रायव्हरला पीएफ मिळणार, ग्रॅच्युइटी मिळणार, पगारी सुट्टी मिळणार. तर नाही. तुमच्या-माझ्या नोकरीत जसा पीएफ कापला जातो आणि तेवढीच भर कंपनी घालते तसं काहीही यात नाहीये. का नाहीये हे समजायला आधी एका जुन्या भांडणात शिरावं लागतं: हा माणूस कंपनीचा नोकर आहे की स्वतःचा धंदा करणारा?

जगभर कोर्टं या प्रश्नावर डोकं फोडतायत. मला वाटतं महाराष्ट्राकडे याचं बऱ्यापैकी चांगलं उत्तर १९६९ पासून पडून आहे. पण तिथे जायच्या आधी बेसिक बघू.

कायद्याचे दोन खाने

आपल्याकडे (आणि बहुतेक देशांत) कायदा कामाचे दोन प्रकार धरतो. एक नोकरी, दुसरं ठेका. लग्नाचं उदाहरण घ्या. तुम्ही केटररला चारशे पानांची ऑर्डर दिली, पानाचा रेट त्याने सांगितला, तुम्ही घासाघीस केली, ठरलं. आता तो आचारी कुठून आणतो, मसाला कुठला वापरतो, त्याला त्यात किती सुटतात हे त्याचं तो बघेल. हा ठेका. पण त्याच केटररकडे जो वाढपी आहे त्याला "तिसऱ्या पंगतीला जिलेबी फिरव, मठ्ठा संपला, टोपी घाल" असं सगळं सांगितलं जातं, आणि रोज किती ते केटररच ठरवतो. ही नोकरी, मग भले ती एका दिवसाची असो.

फरक महत्त्वाचा का, तर आपले कामगार कायदे जवळजवळ सगळे पहिल्या खान्यासाठी आहेत. किमान वेतन, कामाचे तास, पीएफ, ईएसआय (कामगारांचा आरोग्य विमा), बोनस, ग्रॅच्युइटी, मनमानी काढून टाकण्याविरुद्ध दाद मागायचा हक्क, सगळं नोकराला. ठेकेदाराला यातलं काही नाही, कारण कायदा म्हणतो तू धंदेवाला आहेस, नफा तुझा तसा तोटाही तुझा, रेट परवडत नसेल तर वाढवून माग.

ओला, उबर, रॅपिडो या कंपन्यांचं म्हणणं की ड्रायव्हर हा केटरर आहे, आम्ही फक्त त्याची आणि गिऱ्हाइकाची गाठ घालून देतो. अशा गाठ घालून देणाऱ्या कंपनीला कायद्यात अ‍ॅग्रिगेटर म्हणतात, आणि हा एक शब्द पुढे लागणार आहे म्हणून सांगून ठेवतो. ड्रायव्हर युनियन म्हणते आम्ही वाढपी आहोत.

फोनवर रिक्वेस्ट येते तेव्हा

हे तपासायचं तर करारात काय लिहिलंय ते बाजूला ठेवून ड्रायव्हरच्या फोनकडे बघा. ड्रायव्हर लॉगिन करून उभा आहे, समजा ठाण्यात माजिवड्याच्या पुलाखाली. रिक्वेस्ट वाजते, घ्यायची की सोडायची ठरवायला त्याच्याकडे थोडेसेच सेकंद. भाडं अ‍ॅपने ठरवलेलं. पिकअप दोन किलोमीटरवर, म्हणजे तिथपर्यंत गाडी रिकामी पळणार, सीएनजी त्याचा. सोडली तर चालेल का, हो चालेल, पण सारख्या सोडल्या तर इन्सेंटिव्हवर पाणी, किंवा नंतर रिक्वेस्ट यायचंच प्रमाण कमी होतं अशी ड्रायव्हर लोकांची कायमची तक्रार. गिऱ्हाईक बसलं की रस्ता मॅप दाखवेल तो. उतरताना गिऱ्हाइकाने पाचाऐवजी दोन स्टार दिले तर का दिले हे कळायला मार्ग नाही. आणि रेटिंग फार घसरलं किंवा कोणी तक्रार केली की आयडी ब्लॉक. आयडी ब्लॉक म्हणजे धंदा बंद, पण गाडीचा हप्ता चालूच, कारण हप्ता बँकेला द्यायचाय आणि बँकेला अ‍ॅपशी काही देणंघेणं नाही.

आता सांगा यात केटररसारखं काय आहे? रेट सांगायचा अधिकार नाही, तेच गिऱ्हाईक उद्या परत हवं असेल तर त्याच्याशी थेट ठरवायची परवानगी नाही, आणि नाव कमवून रेट वाढवायची सोय नाही. वीस वर्षं विनाअपघात गाडी चालवणारा आणि काल बॅज मिळालेला, दोघांचं किलोमीटरचं भाडं सारखंच.

पण वाढप्यासारखंही सगळं नाहीये हां. सकाळी कधी लॉगिन करायचं, करायचं की नाही, आज ओला चालवायची की उबर की दोन्ही चालू ठेवून जी आधी वाजेल ती घ्यायची हे त्याच्या हातात आहे. कुठल्या नोकरीत असं असतं की सोमवारी एका कंपनीत गेलो आणि मंगळवारी समोरच्या कंपनीत?

"पण गाडी तर त्याची स्वतःची आहे ना!"

हा सगळ्यात कॉमन युक्तिवाद. गाडी त्याची, डिझेल-सीएनजी त्याचा, परमिट त्याचं, वाटेल तेव्हा येतो वाटेल तेव्हा जातो, मग नोकर कसा?

तर यावर आपलं सुप्रीम कोर्ट साठ वर्षांपूर्वीच बोललंय, आणि प्रकरण नागपूरचं आहे. एका बिडी कारखान्यातल्या कामगारांनी रजेचा पगार मागितला. मालक म्हणाला हे माझे कामगारच नाहीत, हे हजार बिड्यांमागे पैसे घेतात, वाटेल तेव्हा येतात, वाटेल तेव्हा उठून जातात, मी यांच्या डोक्यावर उभा राहत नाही. १९६१ मध्ये कोर्टाने मालकाचं म्हणणं फेटाळलं. कोर्टाने काय बघितलं, तर बिडी वळून झाल्यावर ती मापाप्रमाणे नसली तर मालक ती नाकारू शकतो, आणि बिडीसारख्या साध्या कामात डोक्यावर उभं राहायची गरजच नसते, शेवटी माल तपासून नाकारता येतो एवढा कंट्रोल पुरे. प्रत्येक धंद्यात कंट्रोलचं रूप वेगळं असतं हे कोर्टाने तेव्हाच मान्य केलं. आता रेटिंगचे स्टार आठवा. उबरचा कोणी मुकादम मागच्या सीटवर बसत नाही, त्याची गरजच नाही, ते काम गिऱ्हाईक फुकटात करून देतं.

१९७३ चा शिंप्यांचा निकालही तसाच. नगावर पैसे, कामाला यायची ठरावीक वेळ नाही, तरी ते दुकानाचे नोकरच ठरले. म्हणजे नगावर पैसे आणि येण्याजाण्याची मोकळीक, यामुळे माणूस आपोआप धंदेवाला होत नाही.

इथपर्यंत वाचून वाटेल की झालं की मग, ड्रायव्हर नोकर आहे. थांबा. नागपूरच्या त्या निकालानंतर थोड्याच काळात बिडी वळणाऱ्याचंच दुसरं प्रकरण, तेही महाराष्ट्रातलंच, त्याच सुप्रीम कोर्टात गेलं आणि तिथे बहुमताने ठरलं की हा कामगार नाही. धंदा तोच, तंबाखू तोच, पानं तीच. फरक होता छोट्या छोट्या तपशिलांचा. शेवटी संसदेने १९६६ मध्ये बिडी कामगारांसाठी वेगळा कायदाच केला आणि घरी बसून वळणाऱ्यांनाही त्यात घेतलं. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण कोर्टाच्या कसोटीवर हा प्रश्न टाकला की उत्तर एकदा हो येतं एकदा नाही, आणि तोवर दहा वर्षं जातात.

कंपन्यांना दोन्हीकडून हवंय

एक गंमत बघा. ड्रायव्हर जर खरंच स्वतंत्र धंदेवाले असतील, तर एका शहरातले हजारो स्वतंत्र धंदेवाले एकाच वेळी एकच रेट लावतायत, सर्ज (मागणी वाढली की अ‍ॅप भाडं वाढवतं ते) लागला की सगळ्यांचा एकदम वाढतो. दुसऱ्या कुठल्या धंद्यात असं झालं तर आपण त्याला संगनमत म्हणू. एका वकिलाने नेमका हाच मुद्दा घेऊन २०१८ मध्ये स्पर्धा आयोगाकडे तक्रार केली होती. आयोगाने ती फेटाळली, म्हणाले की रेट अल्गोरिदम, म्हणजे अ‍ॅपमागचं सॉफ्टवेअर ठरवतं, ड्रायव्हरांनी आपसात काही ठरवलेलं नाही, त्यामुळे संगनमत नाही. डिसेंबर २०२० मध्ये सुप्रीम कोर्टानेही ते कायम ठेवलं.

कायद्याच्या दृष्टीने बरोबरही असेल ते. पण मग सरळ अर्थ काय निघतो? रेट ड्रायव्हर ठरवत नाही हे सगळ्यांनीच मान्य केलंय. जो स्वतःचा रेट ठरवत नाही तो कसला धंदेवाला!

दुसरी बाजू पॅसेंजरची. कर्नाटक हायकोर्टात एका महिलेचं प्रकरण होतं, ओलाच्या ड्रायव्हरने प्रवासात गैरवर्तन केल्याची तक्रार. कंपनीच्या अंतर्गत समितीने तक्रार घ्यायलाच नकार दिला, का तर ड्रायव्हर आमचा कर्मचारी नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये न्यायमूर्तींनी सांगितलं की कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाच्या कायद्यापुरता तरी तो कर्मचारीच धरायचा, आणि महिलेला पाच लाख रुपये भरपाई द्यायला सांगितली. थोड्याच दिवसांत मोठ्या पीठाने त्याला स्थगिती दिली. म्हणजे "तो नोकर की ठेकेदार" हा फक्त ड्रायव्हरच्या पोटाचा प्रश्न नाहीये, रात्री अकरा वाजता तुमची मुलगी कॅबमध्ये बसते तेव्हा जबाबदार कोण हा पण त्यातलाच प्रश्न आहे.

बाहेर काय झालं

लंडनमध्ये दोन ड्रायव्हर पुढे होते, यासीन अस्लम आणि जेम्स फॅरार, कित्येक वर्षं लढत होते. १९ फेब्रुवारी २०२१ ला तिथल्या सुप्रीम कोर्टाने एकमताने निकाल दिला. कोर्टाने बघितलेल्या गोष्टी वर मी फोनच्या बाबतीत सांगितल्या जवळपास त्याच: भाडं उबर ठरवते, कराराच्या अटी उबरच्या, ट्रिप सोडण्यावर नजर, रेटिंगचा धाक, आणि गिऱ्हाइकाशी थेट संबंध येऊ नये याची व्यवस्था. पण त्यांच्याकडे एक सोय आहे जी आपल्याकडे नाही, नोकर आणि धंदेवाला यांच्या मधला एक तिसरा खाना त्यांच्या कायद्यात आधीपासून होता. त्यात टाकलं ड्रायव्हरना. म्हणजे किमान वेतन मिळेल, पगारी सुट्टी मिळेल, पण नोकरीवरून काढण्याविरुद्धचं पूर्ण संरक्षण नाही. पुढच्याच महिन्यात उबरने तिथल्या सत्तर हजारांवर ड्रायव्हरना हे लागू केलं. फक्त एक मेख मारली. कोर्ट म्हणालं होतं लॉगिन करून तयार बसला तेव्हापासून काम धरा, कंपनीने धरलं ट्रिप घेतल्यापासून. रिकामा बसलेला वेळ गेला हवेत.

कॅलिफोर्नियात उलटं झालं. तिथे सरकारने कायदा केला की हे नोकरच, १ जानेवारी २०२० पासून लागू. कंपन्यांनी वीस कोटी डॉलरच्या वर पैसे ओतून त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये थेट जनमत घेतलं आणि ५८ टक्क्यांच्या वर लोकांनी कंपन्यांच्या बाजूने मत दिलं. ड्रायव्हर ठेकेदारच राहिले, बदल्यात थोडी कमाईची हमी मिळाली, तीही गिऱ्हाईक गाडीत असताना किंवा आणायला जाताना तेवढ्याच वेळेची. २०२४ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टानेही ते उचलून धरलं.

दोन्हीकडे खरं भांडण शेवटी कुठे येऊन थांबलं बघा, रिकाम्या वेळेचे पैसे कोण देणार. नाव काहीही द्या, नोकर म्हणा पार्टनर म्हणा, एअरपोर्टच्या पार्किंगमध्ये दोन तास गाडी लावून बसलाय त्या दोन तासांचं काय, हा तो प्रश्न.

"ड्रायव्हरलाच नोकरी नकोय, तुम्ही कशाला पुळका घेताय?"

हे खरं आहे, आणि याला मी उडवून लावणार नाही. ड्रायव्हर लोकांशी बोललात तर कितीतरी जण सांगतील की कंपनीची ड्युटी करून कंटाळून इकडे आलो, साहेबाची कटकट नाही, गावी जत्रेला आठ दिवस जायचं तर रजेचा अर्ज नाही. शेतीचं काम असलं की गावी, नसलं की पुण्यात गाडी, असं करणारेही आहेत. यांना सकाळी नऊला पंचिंग करायला लावलं तर ते पळून जातील.

शिवाय सगळे एकाच प्रकारचे नाहीत. एक स्वतःच्या गाडीचा मालक-ड्रायव्हर. दुसरा, ज्याने कर्ज काढून चार गाड्या घेतल्या आणि त्यावर पोरं ठेवली, तो स्वतःच शेठ. तिसरा त्या शेठच्या गाडीवर रोजच्या ठरलेल्या रकमेवर बारा तास चालवणारा, याची अवस्था सगळ्यात वाईट, कारण याच्या कमाईतून अ‍ॅपचाही हिस्सा जातो आणि शेठचाही. चौथा ऑफिस सुटल्यावर दोन तास बाइक टॅक्सी मारणारा. या चौघांना एकाच खान्यात कोंबणार कसं? अ‍ॅपचा नोकर म्हणाल तर शेठला काय म्हणाल?

म्हणून मला स्वतःला "सगळ्यांना नोकर करा" ही मागणी पटत नाही. पण तिच्या उलट जे सांगितलं जातं, की मोकळीक हवी असेल तर सुरक्षितता सोडा, ते तर अजिबातच पटत नाही. ही दोन टोकं एकमेकांना बांधली कोणी? मोकळीक आणि विमा एकत्र मिळू नये असा काही निसर्गनियम नाहीये.

मग नवीन कोडने दिलं काय?

केंद्राच्या त्या चार कोडांपैकी सामाजिक सुरक्षा कोडने पहिल्यांदा गिग कामगार हा शब्द कायद्यात आणला. व्याख्या अशी की मालक-नोकर नात्याच्या बाहेर राहून जो काम करून कमावतो तो. बघितलंत? व्याख्येतच "नात्याच्या बाहेर" घालून ठेवलंय. म्हणजे भांडणाचा निकाल कंपन्यांच्या बाजूने लावून टाकला, आणि मग थोडी मलमपट्टी दिली: अ‍ॅग्रिगेटरने वर्षाच्या उलाढालीच्या १ ते २ टक्के एका फंडात भरायचे, पण ती रक्कम कामगारांना दिलेल्या पैशाच्या ५ टक्क्यांच्या वर जाणार नाही. त्यातून अपघात विमा, आरोग्य, म्हातारपण वगैरे योजना सरकार जाहीर करेल तशा. केंद्राच्या ई-श्रम पोर्टलवर नोंदणी करायची.

काहीच नव्हतं त्यापेक्षा बरं आहे, नाही असं नाही. पण यात किमान कमाई नाही, तासांचं काही नाही, आयडी ब्लॉक झाल्यावर कुठे जायचं ते नाही. नीती आयोगाने २०२२ मध्ये अंदाज दिला होता की देशात २०२०-२१ ला ७७ लाख गिग कामगार होते आणि २०२९-३० पर्यंत ते २ कोटी ३५ लाख होतील. एवढ्या लोकांचा सगळा भरवसा "जाहीर करेल तशा" या तीन शब्दांवर.

भाड्याचं आणि कमिशनचं काम वेगळ्याच खात्याकडे आहे. रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या जुलै २०२५ च्या मार्गदर्शक सूचनांत गाडी ड्रायव्हरची असेल तर भाड्याचा किमान ८० टक्के हिस्सा त्याला, सर्ज मूळ भाड्याच्या दुपटीपर्यंतच, पाच लाखांचा आरोग्य विमा आणि दहा लाखांचा टर्म विमा असं सगळं आहे. चांगलंय, पण या सूचना, राज्यांनी घेतल्या तर लागू. आणि आरटीओला गाडीचं फिटनेस, परमिट, पॅनिक बटण बघायची सवय आहे, ड्रायव्हरची रोजंदारी बघायची नाही.

आपल्याकडचं जुनं उत्तर: माथाडी

आता मूळ मुद्द्यावर. मस्जिद बंदर, दाणाबंदर, तिथला हमाल १९६० च्या दशकात नेमका याच अवस्थेत होता. पाठीवर पोती वाहायची, सकाळी एका गाळ्यावर, दुपारी दुसऱ्या, संध्याकाळी ट्रकवर. मालक विचारलं तर कोणीच नाही. प्रत्येक व्यापारी म्हणणार माझा काय संबंध, माझी दहा पोती उतरवली, पैसे दिले, गेला. खरंच होतं ते, कुठलाही एक व्यापारी त्याचा मालक नव्हता. नोकर म्हणाल तर कोणाचा, धंदेवाला म्हणाल तर खांद्यावरच्या हुकाशिवाय भांडवल काय?

अण्णासाहेब पाटलांनी या लोकांची संघटना बांधली, लढे झाले, आणि १९६९ मध्ये महाराष्ट्राने माथाडी कायदा केला. कायद्याने "हा कोणाचा नोकर" हा प्रश्न सोडवत बसायच्या ऐवजी बाजूलाच ठेवला. मध्ये एक बोर्ड उभं केलं, त्यावर सरकार, व्यापारी आणि कामगार तिघांचे प्रतिनिधी. हमालाची नोंद बोर्डात, टोळी करून काम. व्यापाऱ्याचीही नोंद बोर्डात. पोती उतरली की व्यापाऱ्याने मजुरी बोर्डात भरायची, आणि मजुरीच्या वर काही टक्के आणखी भरायचे, त्याला म्हणतात लेव्ही. मजुरी बोर्ड हमालाच्या खात्यात टाकतं, आणि लेव्हीतून पीएफ, ग्रॅच्युइटी, बोनस, रजा, दवाखाना. हमाल आज या गाळ्यावर उद्या त्या गाळ्यावर, हक्क मात्र त्याच्या नावाने बोर्डात जमा होत राहतात. वाशीच्या मार्केटमध्ये आजही हे चालतं. पुढे १९८१ मध्ये याच धर्तीवर खासगी सुरक्षारक्षकांसाठी कायदा आला.

आता गाळ्याच्या जागी अ‍ॅप ठेवा. सकाळी ओला, दुपारी उबर, रात्री रॅपिडो. प्रत्येक ट्रिपवर थोडी लेव्ही, ड्रायव्हरच्या एकाच खात्यात, अ‍ॅप कुठलंही असो. उलट हे जास्तच सोपं आहे, कारण हमालाने किती पोती उचलली याची वही ठेवावी लागायची, इथे प्रत्येक ट्रिप मिनिटासकट आणि पैशासकट कंपनीच्या सर्व्हरवर आधीच लिहिलेली आहे. लेव्ही ट्रिपच्या बिलातूनच कापून जाऊ शकते. शेठच्या गाडीवरचा पोरगाही यात बसतो, कारण लॉगिन त्याच्या नावाचं, मग गाडी कोणाची का असेना. ऑफिसनंतर दोन तास चालवणाऱ्याच्या खात्यात दोन तासांपुरतं जमा होईल.

राजस्थानने २०२३ मध्ये गिग कामगारांसाठी जो कायदा केला तो बऱ्यापैकी याच वळणाचा आहे, बोर्ड आणि प्रत्येक व्यवहारावर शुल्क. कर्नाटकने २०२५ मध्ये केला, त्यात तर काढून टाकायच्या आधी कारण देऊन १४ दिवसांची नोटीस द्यायची आणि अल्गोरिदम कामं कशी वाटतो ते सांगायचं, असंही आहे. ज्या राज्यात ही कल्पना जन्मली ते मात्र अजून अ‍ॅग्रिगेटरकडे मुख्यतः परिवहन खात्याच्या चष्म्यातून बघतंय. २०२५ मध्ये धोरण आलं, भाड्यावर बरीच चर्चा झाली, ठीक आहे. कामगार खातं कुठे आहे?

"बोर्ड म्हणजे अजून एक सरकारी कुरण"

बरोबर शंका आहे. माथाडीच्या नावावर खंडणी गोळा करणारे बोगस लोक उद्योगांना त्रास देतात ही तक्रार विधिमंडळापर्यंत गेलेली आहे. बांधकाम मजुरांचं बघा, १९९६ च्या कायद्याने बांधकाम खर्चाच्या १ टक्का सेस गोळा व्हायला लागला, हजारो कोटी जमा झाले आणि खर्चच झाले नाहीत म्हणून सुप्रीम कोर्टाने सरकारांना झापलं. पैसा आहे, मजूर आहे, दोघांची भेट नाही.

पण यातला फरक बघा. बांधकामाचा सेस एका मोठ्या फंडात जातो आणि मग मजुराने कागद घेऊन तो मागायला यायचं. माथाडीत पैसा पहिल्यापासून त्या हमालाच्या नावावर. केंद्राच्या नवीन कोडचा फंड मला पहिल्या प्रकारातला वाटतो, आणि मला भीती तीच आहे. लेव्ही ड्रायव्हरच्या नावाने जमा झाली आणि ती त्याला त्याच फोनवर ट्रिपच्या पैशांखाली दिसली, तर खाणाऱ्याला खायला जागा कमी राहते. बोगस टोळ्यांचा प्रश्नही इथे कमी, कारण जीपीएसवर ट्रिप दाखवल्याशिवाय लेव्ही निघणारच नाही.

"शेवटी भाडं आमचंच वाढणार"

हो, थोडं वाढेल. समजा ३०० रुपयांची ट्रिप आहे आणि ५ टक्के लेव्ही पूर्णच्या पूर्ण तुमच्यावर टाकली, तर १५ रुपये. पावसात सर्ज लागला की याच्या कितीतरी पट आपण गुपचूप भरतो, तेही ड्रायव्हरला त्यातले किती गेले हे माहीत नसताना. पूर्ण नोकर केलं तर मात्र गणित वेगळं, तेव्हा कंपनी ड्रायव्हर मोजून घेईल, शिफ्ट लावेल, मागणी नसलेल्या वेळी लॉगिनच देणार नाही, आणि कॅब मिळायची मारामार होईल.

आणि झिरो कमिशन आल्यावर?

हा नवीन ट्विस्ट आहे. बंगळुरूच्या नम्मा यात्री अ‍ॅपपासून सुरू झालं, मग रॅपिडो, ओला, उबरची रिक्षा, सगळे वळले: कमिशन नाही, ड्रायव्हरने रोजचे ठरावीक पैसे भरायचे आणि भाडं थेट गिऱ्हाइकाकडून घ्यायचं. ड्रायव्हर खुश, कारण वीस-पंचवीस टक्के कापले जायचे ते वाचले. पण कंपनी आता अजून जोरात म्हणू शकते की बघा, आम्ही नुसतं सॉफ्टवेअर भाड्याने देतो, भाड्याचे पैसे तर आमच्याकडे येतच नाहीत. आणि उलाढालीवर १-२ टक्के म्हणता, तर उलाढाल म्हणजे आता काय धरायचं, पूर्ण भाडं की फक्त ते रोजचे पैसे? दोन्हीत जमीन-अस्मानाचा फरक आहे. म्हणूनच लेव्ही कंपनीच्या उलाढालीवर न ठेवता ट्रिपवर ठेवायला हवी, पैसे कोणाच्या खिशात का जाईनात, ट्रिप तर झाली ना.

सहकाराचाही प्रयोग चालू आहे, सहकार मंत्रालयाच्या पाठिंब्याने भारत टॅक्सी, ड्रायव्हरच सभासद. साखर कारखान्यांच्या राज्यात राहणाऱ्याला सहकाराचं काय चांगलं आणि काय वाईट होतं हे वेगळं सांगायला नको, बघूया.

राहता राहिला आयडी ब्लॉक. ड्रायव्हर लोकांत बसलात तर पीएफच्या आधी ही तक्रार येते. तक्रार करणारं गिऱ्हाईक निनावी, निर्णय देणारं सॉफ्टवेअर, आणि अपील म्हणजे हेल्प सेंटरमध्ये "तुमची विनंती नोंदवली आहे" असा मेसेज. माथाडी बोर्डासारखी तिघांची समिती इथेही बसवता येईल: आधी नोटीस, काय तक्रार ते लेखी, आणि ठरावीक दिवसांत सुनावणी. पॅसेंजरच्या सुरक्षेचा गंभीर मामला असेल तर लगेच बंद करा, पण मग सुनावणीही लगेच घ्या. आणि सुनावणी होईपर्यंत बँकेला हप्ता थांबवायला सांगता येईल का, यावर तर अजून कोणी बोलतही नाहीये.